सौजन्याला अधिकार लागतो

दुकानात, बँकेत, एसटीत, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर किंवा फोनवरच्या ग्राहक सेवेत आता कोणी नीट बोलत नाही, ही तक्रार आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात ऐकू येते आणि ती खोटी नाही. समोरचा माणूस मान वर करून पाहत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो, उत्तर म्हणून दुसरी खिडकी दाखवतो, आणि चूक त्याच्या संस्थेची असली तरी दिलगिरीचा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. या वागण्याचे कारण मात्र आपण फार घाईने ठरवून टाकतो. नव्या पिढीवर संस्कार नाहीत, सरकारी नोकरीची मस्ती आहे, खाजगीतल्या पोरांना कामाची आच नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान चुकीचे वाटते. सेवा देणाऱ्या माणसाच्या हातून वेळ आणि निर्णयाचा अधिकार काढून घेतला की त्याच्यापाशी एकतर तुसडेपणा उरतो किंवा पाठ केलेले गोड बोलणे उरते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच असतो. सौजन्य हा माणसाच्या स्वभावाचा गुण आहे हे खरे. पण सार्वजनिक व्यवहारात तो टिकवायचा असेल तर त्याची सोय करावी लागते, आणि ती करण्याची जबाबदारी खिडकीवर बसलेल्या माणसापेक्षा त्याला तिथे बसवणाऱ्यावर अधिक आहे.

बँकेची शाखा घेऊ, कारण तिथे समाजाचे जवळजवळ सगळे थर एकाच रांगेत उभे राहतात. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर, तोवर बँकेची पायरी न चढलेला लहान शेतकरी, प्राथमिक शिक्षक, गावातला दुकानदार तिथे येऊ लागला. बँकेतल्या वागणुकीची तक्रारही तेव्हापासूनचीच आहे. ग्राहकांना मिळणाऱ्या सेवेचा विचार करण्यासाठी १९७५ मध्ये तलवार यांच्या, १९९० मध्ये गोयपोरिया यांच्या आणि २०१० मध्ये दामोदरन यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या. जो प्रश्न जवळपास दर पंधरा-वीस वर्षांनी एका समितीपुढे ठेवावा लागतो, तो आजच्या तरुण कर्मचाऱ्यांनी निर्माण केलेला असू शकत नाही.

या काळात बदलला तो कामाचा पसारा. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जन-धन योजना सुरू झाली आणि नऊ वर्षांत तिची खाती ५० कोटींच्या पुढे गेली. शिष्यवृत्ती, पीक विम्याची भरपाई, निराधारांचे अनुदान, शेतकऱ्यांचा सन्मान निधी असे सगळे थेट खात्यात येऊ लागले. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु याच काळात सार्वजनिक बँकांमधील कर्मचाऱ्यांची, त्यातही कारकुनांची, संख्या घटली. त्यात बँकांचे विलीनीकरण झाले. १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार बँका झाल्या, म्हणजे लाखो लोकांचे पासबुक, चेकबुक आणि शाखेचा संकेतांक बदलला आणि त्या प्रत्येक बदलाचा खुलासा कोणत्या तरी खिडकीवरच्या माणसाला करावा लागला.

२०२४ च्या पावसाळ्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी राज्यभर बँकांसमोर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. महिन्याला १,५०० रुपये खात्यात यायचे तर खाते आधारशी जोडलेले हवे, केवायसी पूर्ण हवी, व्यवहार न झाल्यामुळे बंद पडलेले खाते चालू करून घ्यायला हवे. सकाळच्या पहिल्या गाडीने आलेली बाई कडेवर मूल घेऊन तासन्‌तास उभी, आणि आत त्या कामाला एक-दोन माणसे. काही जणींचे पैसे जमा झाले आणि किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी कापलेही गेले. ते परत कसे मिळतील, हे विचारायला त्या पुन्हा त्याच खिडकीवर गेल्या. दंड कापण्याचा निर्णय खिडकीवरच्या कारकुनाने घेतलेला नव्हता आणि तो परत करण्याचा अधिकारही त्याला नव्हता. त्या दिवसांत खिडक्यांवर जे कडवट शब्द बोलले गेले, त्यांचे समर्थन करता येणार नाही. रांगेतल्या बाईचा त्यात तिळमात्र दोष नव्हता. पण योजना जाहीर करणाऱ्यांनी तिच्याबरोबर शाखांना माणसे दिली असती, दोन महिन्यांसाठी का होईना वेगळी व्यवस्था केली असती, तर त्यातले निम्मे शब्द बोललेच गेले नसते असे मला वाटते. योजनेचे श्रेय घेणारे तिथे नव्हते. लोकांचा राग झेलायला उरला तो सर्वांत खालचा कर्मचारी, आणि कर्मचाऱ्याचा राग झेलायला उरली ती सर्वांत गरीब ग्राहक.

याच बँका आपल्याशी अतिशय आर्जवाने बोलू शकतात, हेही आपण सर्वांनी अनुभवले आहे. वैयक्तिक कर्ज हवे आहे का, क्रेडिट कार्ड हवे आहे का, मुदत ठेवीऐवजी ही विमा पॉलिसी घेता का, हे विचारणाऱ्या आवाजात कमालीचा गोडवा असतो. नावाच्या स्पेलिंगमधली चूक दुरुस्त करायला गेलेल्या माणसाच्या वाट्याला तो गोडवा येत नाही. यात त्या कर्मचाऱ्याची लबाडी शोधू नये. पॉलिसी विकण्याचे लक्ष्य त्याला वरून दिलेले असते, त्याचा आढावा दर आठवड्याला घेतला जातो, त्यावर बदली आणि बढती अवलंबून असते. स्पेलिंग दुरुस्त केल्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. ज्या संस्थेत विक्री मोजली जाते आणि सेवा मोजली जात नाही, तिथे सौजन्य हळूहळू विक्रीच्या मागे जाऊन उभे राहते. मग ज्याच्याकडून काही मिळायचे त्याच्याशी नीट बोलायचे आणि ज्याला काही द्यायचे त्याला थांबवून ठेवायचे, ही रीत पडते. या रीतीला आपण सभ्यतेचा ऱ्हास म्हणतो. प्रत्यक्षात तो कामाच्या मोजमापाचा परिणाम आहे आणि मोजमाप बदलले तर वागणूकही बदलू शकते.

वडील गेल्यानंतर त्यांच्या खात्याचे काम करायला मी एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. पहिल्या खिडकीवर उत्तर मिळाले, “डेथ क्लेम आहे का? मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या.” बोलणाऱ्याने पडद्यावरून नजर हलवली नाही. सोमवारी त्या अधिकारी बाई भेटल्या. त्यांनी आधी समोरची खुर्ची दाखवली, कागदांची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली, त्यातला कोणता कागद तहसील कार्यालयातून लागेल आणि कोणता लागणारच नाही हे सांगितले, आणि “नॉमिनी नोंदवलेला आहे, त्यामुळे कोर्टात जावे लागणार नाही, घाबरू नका,” असे म्हणाल्या. दोघेही एकाच बँकेचे नोकर, एकाच छताखाली काम करणारे. बाईंचा स्वभाव चांगला असेल, तसा तो होताच. पण त्यानंतर मी या गोष्टीचा विचार करत राहिलो तेव्हा लक्षात आले की त्या नीट बोलू शकल्या याचे एक कारण त्यांना उत्तर ठाऊक होते आणि निर्णय त्यांच्या सहीने होणार होता. पहिल्या माणसापाशी मला देण्यासारखे काहीच नव्हते. ज्याच्याजवळ द्यायला काही नसते, त्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे जड जाते. तरीही त्याने एक वाक्य बोलायला हवे होते, “वाईट झाले, बसा,” एवढेच. ते न बोलण्याला माणसांची कमतरता किंवा नियम जबाबदार नाहीत, तिथे त्याचे स्वतःचे चुकले. व्यवस्थेचा दोष दाखवताना माणसाला पूर्णपणे मोकळे सोडणे मला मान्य नाही.

पूर्वी लोक किती आपुलकीने वागत, या आठवणीबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. गावातला वाणी घरच्यांची चौकशी करी, उधारी वहीवर मांडी, लहान मुलाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवी. हे खरे आहे, आणि ते ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी त्याची आठवण जरूर ठेवावी. पण ती आपुलकी ओळखीच्या माणसाला मिळत होती, आणि ओळख ही जात, घराणे आणि ऐपत पाहून ठरत होती. त्याच गावातल्या हॉटेलात काहींचे कप वेगळे ठेवलेले असत, काहींना दुकानाच्या ओट्याखाली उभे राहून पैसे वर ठेवावे लागत आणि माल दुरून हातात टाकला जाई. सार्वजनिक तळ्यातले पाणी पिण्यासाठी ज्या समाजात १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातल्या जुन्या सौजन्याची सरसकट स्तुती करताना ते कोणाला मिळत होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांच्या आजोबांना ते कधी मिळाले नाही, त्यांना ऱ्हास झाला म्हणून सांगणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल.

अनोळखी माणसाशी, त्याची जात-गाव न विचारता, बरोबरीच्या नात्याने नीट बोलणे ही आपल्याकडे तुलनेने नवी गोष्ट आहे. ती आपण मुख्यतः सार्वजनिक संस्थांत शिकत होतो. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्या गाडीत तिकीट काढले की कोणालाही कोणाच्याही शेजारी बसता येत होते. बँकेची रांग, पोस्टाची खिडकी, सरकारी दवाखान्याचा केसपेपर यांनीही हेच काम केले. म्हणून या ठिकाणचा उद्धटपणा मला खाजगी दुकानातल्या उद्धटपणापेक्षा अधिक गंभीर वाटतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो दुकान बदलू शकतो, बँक बदलू शकतो, स्वतःच्या गाडीने जाऊ शकतो. ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी एसटीचा वाहक, तलाठी, रेशन दुकानदार, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स यांचे बोलणे म्हणजेच राज्याने त्याला दिलेली किंमत असते. एकाच खिडकीवर कडक इस्त्रीच्या शर्टाला ‘तुम्ही’ आणि मळक्या धोतराला ‘तू’ ऐकू येते, तेव्हा घटनेने दिलेली बरोबरी त्या ठिकाणी प्रत्यक्षात नाकारली जात असते. वयाने मोठ्या माणसाला काका, मावशी म्हणण्याची आपली पद्धत चांगली आहे; पण मावशी म्हणून पुढे अरेतुरे करणे हे सौजन्य नव्हे.

सरकारी कार्यालयांच्या दारात तर वागणुकीचा सूर फलकावरूनच ठरतो. शासकीय कामात अडथळा आणल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली, गुन्हा दाखल होईल असा इशारा देणारे फलक अनेक कार्यालयांत दर्शनी भागात लावलेले असतात. कर्मचाऱ्यांवर हल्ले होतात आणि त्यांना संरक्षण मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु उत्पन्नाचा दाखला मागायला आलेल्या म्हाताऱ्याने त्या कार्यालयात पहिले वाक्य वाचावे ते स्वतःला आरोपी ठरवणारे, यातून दोघांचेही नाते सुरुवातीलाच बिघडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, मुदत टळल्यास अपील कोणाकडे करायचे, याची यादी कार्यालयाच्या सूचना फलकावर लावणे त्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’ हे त्याचे घोषवाक्य आहे. ही यादी बऱ्याच ठिकाणी जिन्याखाली, बारीक अक्षरात, धूळ खात असते आणि कलमाचा इशारा दारावर ठळक असतो. दोन्ही फलकांची अदलाबदल करायला एक पैसाही खर्च येणार नाही. ज्या कार्यालयप्रमुखाला सौजन्याची खरी चाड आहे, त्याने उद्या सकाळी हे काम करावे. पूर्वी पाळले जाणारे सौजन्य सप्ताह संपले की सगळे जागच्या जागी येत असे, कारण त्या आठवड्यात कर्मचाऱ्याने हसावे अशी अपेक्षा होती, कामाची पद्धत बदलावी अशी नव्हती.

खाजगी कंपन्यांनी हा प्रश्न सुटल्यासारखा दाखवला, पण तो उलट बाजूने बिघडवला. दूरध्वनी सेवा, विमा, घरपोच खरेदी यांच्या कॉल सेंटरमध्ये बसणाऱ्या मुला-मुलींच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते आणि त्याला गुण दिले जातात. सुरुवातीचे अभिवादन केले का, ग्राहकाचे नाव घेतले का, ‘तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य म्हटले का, शेवटी ‘आणखी काही मदत करू शकते का’ असे विचारले का, या प्रत्येकाचे गुण ठरलेले असतात. कॉल किती वेळात संपला, हेही मोजले जाते. एवढे सगळे पार पाडणाऱ्या त्या मुलीला चुकून कापलेले दोनशे रुपये परत करण्याचा अधिकार बहुधा नसतो. तिने तक्रार क्रमांक द्यायचा आणि तक्रार वरच्या विभागाकडे पाठवायची, तो वरचा विभाग ग्राहकाशी कधीच बोलत नाही. अशा वेळी ग्राहक चिडतो आणि तिच्यावरच ओरडतो. ती ते शब्द ऐकून घेते आणि पुन्हा तेच दिलगिरीचे वाक्य म्हणते, कारण ते न म्हटल्यास तिचे गुण कापले जातील. या संवादात उद्धट शब्द एकही नाही, तरी त्यात सौजन्यही नाही. समोरच्याचे ऐकून घेतल्यावर आपले पुढचे कृत्य बदलण्याची तयारी असणे, हा सौजन्याचा गाभा आहे, आणि नेमकी तीच शक्यता इथे आधीपासून बंद केलेली असते.

म्हणूनच मला सरळ नकार देणारा दुकानदार या गोड आवाजापेक्षा अधिक सभ्य वाटतो. दुपारी एक ते चार दुकान बंद, असे लिहिणाऱ्या पुणेरी पाटीची चेष्टा होते. परंतु त्या दुकानदाराला विश्रांतीचा हक्क आहे आणि ग्राहकाचा हेलपाटा वाचावा म्हणून त्याने तो आधी लिहून कळवला आहे. पाटीवरची भाषा मवाळ असावी, एवढीच माझी अपेक्षा. ‘उद्या या’ असे हसून सांगून चार वेळा परत पाठवणाऱ्यापेक्षा ‘हे काम इथे होत नाही, अमुक ठिकाणी जा’ असे कोरडेपणाने सांगणारा माणूस आपल्या वेळेचा अधिक मान ठेवतो. मजुरी बुडवून आलेल्या माणसाच्या दृष्टीने तर खरे उत्तर हाच सौजन्याचा पहिला भाग आहे. आवाजातला मृदूपणा त्यानंतर येतो.

आता ग्राहकांविषयी, कारण आपणही सगळे कधी ना कधी खिडकीच्या अलीकडे उभे असतो. यूपीआय आल्यापासून भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत पैसे देण्याघेण्याचा व्यवहार एकही शब्द न बोलता पुरा होतो. आपण फोनवर बोलत बोलत कोड स्कॅन करतो, पैसे मिळाल्याची घोषणा यंत्र करते, आणि आपण निघतो. दुकानदाराने मान वर करून पाहिले नाही म्हणून रागावणाऱ्याने आपण त्याच्याकडे पाहिले होते का, हे स्वतःला विचारावे. घरपोच सामान आणणाऱ्या मुलाला मुख्य लिफ्ट वापरण्यास बंदी करणारे फलक मुंबई-पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत लागले आहेत. आपल्या घराच्या दारात अन्न घेऊन येणाऱ्या माणसाने आपल्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवू नये, हा विचार जुन्या वेगळ्या कपाहून फार लांबचा नाही. वर त्याने हसून ‘सर, पाच स्टार द्या’ म्हणावे अशी अपेक्षा असते, आणि त्याच्या त्या विनंतीमागे त्याच्या रोजीची भीती असते. भीतीपोटी मिळालेले आर्जव आपल्याला सुखावत असेल, तर आपल्याला सौजन्य नको असून सत्ता हवी आहे असे म्हणावे लागेल. ‘ग्राहक हा राजा’ या घोषणेने ही सवय वाढवली. लोकशाहीत व्यवहार दोन नागरिकांमध्ये होतो. त्यात राजाही नसावा आणि प्रजाही.

एसटीतल्या सुट्या पैशांच्या भांडणात ही दोन्ही बाजूंची कोंडी रोज दिसते. २०२५ च्या जानेवारीत एसटीची भाडेवाढ झाली, ती १४.९५ टक्के. अशा वाढीतून येणाऱ्या भाड्याचे आकडे गोळा नसले की प्रवासी शंभर-दोनशेची नोट पुढे करतो आणि वाहकाच्या पिशवीत नाणी नसतात. हिशेबात कमी पडलेली रक्कम वाहकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, त्यामुळे तो एक-दोन रुपयेही सोडू शकत नाही. प्रवाशाचेही ते हक्काचे पैसे असतात. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागल्यावर गाड्यांतली गर्दी वाढली, आणि त्याबरोबर ‘फुकटचे प्रवासी’ हा कुजकट शब्दही काही वाहकांच्या आणि सहप्रवाशांच्या तोंडी आला. तो शब्द अक्षम्य आहे. ती सवलत राज्याने दिलेली आहे, कोणा वाहकाने नव्हे, आणि ती घेणाऱ्या आजीने कोणाचेही काही लुबाडलेले नाही. पण डेपोतून निघताना वाहकाला पुरेशी नाणी देणे, भाडे पाचाच्या पटीत ठेवणे, जादा गाड्या सोडणे, ही कामे वरिष्ठांची आहेत. ती केली की वाहकाच्या जिभेवर ताबा ठेवण्याची मागणी पूर्ण अधिकाराने करता येते.

मराठीत बोलण्याचा आग्रहही याच प्रश्नाचा भाग आहे. महाराष्ट्रात पैसे भरायला आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत उत्तर मिळणे हे किमान सौजन्य आहे, आणि बँकांनी आपले फलक व अर्ज स्थानिक भाषेतही ठेवावेत असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. परराज्यातून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला सहा महिन्यांत कामापुरती मराठी शिकवण्याची सोय त्याच्या बँकेने केली पाहिजे. ते न करता त्याला खिडकीवर बसवणे हा ग्राहकाचा अवमान आहे. मात्र गेल्या काही काळात मराठी न बोलल्याबद्दल सुरक्षारक्षकाच्या, दुकानातल्या पोराच्या थोबाडीत मारण्याचे जे प्रकार घडले आणि ज्यांचे व्हिडिओ अभिमानाने पसरवले गेले, त्यांनी माझ्या भाषेचा मान वाढला असे मला वाटत नाही. मार खाणारा सर्वांत कमी पगाराचा माणूस होता. भाषेविषयी धोरण ठरवणारा अधिकारी वरच्या मजल्यावर सुरक्षित होता, आणि जाब विचारायचा तर त्यालाच विचारायला हवा होता.

मग करायचे काय? माझ्या मते सुरुवात अगदी साध्या ठिकाणी आहे. कोझिकोडच्या कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानातल्या कामगारांना बसायला आसन देणे कायद्याने बंधनकारक केले. २०२१ मध्ये तामिळनाडूने तसाच कायदा केला. आपल्या शहरांतल्या साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत विक्री करणाऱ्या मुलींना ग्राहक नसतानाही टेकता येते का, हे कोणीही स्वतः जाऊन पाहावे. सकाळी दहापासून पायांवर उभ्या असलेल्या मुलीने संध्याकाळी सातला प्रसन्न चेहऱ्याने पन्नासावी साडी उलगडून दाखवावी, ही मागणी करणाऱ्याने आधी तिच्यासाठी स्टूल मागावे. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात ज्येष्ठ आणि दिव्यांग ग्राहकांसाठी वेगळी खिडकी आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्यास बँकांना सांगितले आहे. शाखेत गेल्यावर ती खिडकी कोणती, हे विचारण्याची सवय आपण लावली पाहिजे, आणि विचारताना नमस्कार करून विचारले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची मागणी अधिकाराची आहे. ठरावीक रकमेपर्यंतची चूक खिडकीवरच दुरुस्त करण्याचा, दंड माफ करण्याचा, अर्जातली किरकोळ त्रुटी जागेवर सुधारून घेण्याचा अधिकार समोर बसलेल्या माणसाला असावा. यावर नेहमी एक आक्षेप येतो की खालच्या माणसाला अधिकार दिला तर तो ओळखीच्यांची कामे करील, पैसे खाईल. हा धोका खोटा नाही. परंतु अधिकार वर ठेवल्याने भ्रष्टाचार थांबला, असा अनुभव महाराष्ट्रात कोणाला आलेला नाही. वर पोहोचवून देणारा मध्यस्थ तेवढा निर्माण झाला, आणि तहसील कचेरीच्या बाहेर बसणाऱ्या एजंटाइतके नम्रपणे आज सामान्य माणसाशी कोणी बोलत नाही. दोनशे-पाचशे रुपयांच्या मर्यादेतला निर्णय, त्याची संगणकावर नावानिशी नोंद आणि महिन्यातून एकदा तपासणी, एवढ्याने गैरवापराला आळा घालता येतो. त्यात काही रक्कम चुकीच्या हाती जाईलही. चार हेलपाट्यांत बुडालेल्या मजुऱ्यांचा हिशेब त्या रकमेशेजारी मांडून पाहिल्याशिवाय हा आक्षेप मान्य करू नये.